‘ढ’ मुलांचे आईबाप

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणायची पद्धत मराठीत कधी पडली कोण जाणे. आमचे मास्तर याची एक गोष्ट सांगत. अशोकाच्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, ढ तेवढा होता तसाच राहिला. दोन हजार वर्षे एकाच इयत्तेत बसलेला, म्हणून तो ढ! लिपीच्या पुस्तकांतले तक्ते काढून पाहिले तर अशोकाच्या काळचा ढ आणि आपला ढ खरोखरच सख्ख्या भावांसारखे दिसतात. व्युत्पत्ती हीच की कोणी मागाहून जुळवली, हा वाद पंडितांवर सोडू. मला त्यात वेगळेच काही खुपते. ज्याला अक्षर लागत नाही, त्याला आपण नाव दिले तेही अक्षराचेच.

अशा मुलांचा जो इतिहास वाचायला मिळतो तो बहुतेक डॉक्टरांचा असतो. कोणी कोणता रोग ओळखला, कोणी कोणते नाव दिले, वगैरे. त्या मुलांच्या आईबापांचा इतिहास मात्र तळटिपांत पडून आहे. गेले काही महिने मी तो गोळा करतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या विषयात डॉक्टरांइतकेच, किंबहुना काकणभर जास्त, काम या आईबापांनी केले. तेही एकेकट्याने नव्हे, एकत्र बसून.

सुरुवात मात्र डॉक्टरांपासूनच करावी लागते. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी इंग्लंडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलाचे नाव पर्सी. खेळात चपळ, बोलण्यात हुशार, बीजगणितही येणारा. पण वाचता येत नाही. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचे म्हणणे होते की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता. स्वतःचे नाव लिहिताना त्याने ‘पर्सी’च्या जागी ‘प्रेसी’ लिहिले. रफार आणि रकार यांत घोटाळा करणारी मुले आपल्याही शाळांत दर वर्गात एकदोन असतात, त्यांना हा पर्सी ओळखीचा वाटेल. मॉर्गननी याला जन्मजात ‘शब्दांधत्व’ म्हटले. त्या लेखात पर्सीच्या आईबापांना किती जागा आहे? मुलगा बुद्धिमान आईबापांचा थोरला मुलगा आहे, एवढीच. त्यांनी सात वर्षे काय काय केले असेल, कोणाकोणाचे ऐकून घेतले असेल, ते कोणी विचारलेले दिसत नाही.

त्याच काळात आपल्या गोव्यातही असे पर्सी असणारच. पण ते दिसत नव्हते. देवळाच्या ओसरीवर पंतोजींकडे चार मुले धुळाक्षरे गिरवायची, बाकीच्यांना अक्षराशी कर्तव्य नव्हते. पुढे पोर्तुगीज शाळेत ‘सेगुंद ग्राव’ला अडकलेला मुलगा कुळागरात, दुकानात नाहीतर मुंबईला नातेवाईकांकडे जायचा, आणि त्याचे फारसे अडत नसे. कीर्तनातली आख्याने, नाटकातली पदे, काल्यातली सोंगे ऐकून पाठ करणाऱ्या किती जणांना वाचता येत होते हे कोणी तपासले नाही. गोड आठवणी काढण्यासाठी हे सांगत नाही. त्या काळी अक्षर न येणाऱ्यांत हा मुलगा लपून जात होता, कारण अक्षर न येणारेच जास्त होते. शाळा सर्वांची झाली तेव्हा तो उघडा पडला. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि प्रत्येक शाळेत मागच्या बाकावर एक ‘ढ’ बसला.

योगायोग असा की त्याच १९६३ साली, आठ महिने आधी, अमेरिकेतल्या शिकागो शहरात अशाच मुलांचे आईबाप जमले होते. आपल्या सरकारचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण आज आपल्या बोर्डाच्या परीक्षेत एखाद्या मुलाला जादा वेळ मिळतो, त्या सवलतीचा धागा मागे मागे ओढत नेला तर तो त्या सभेपर्यंत जातो.

तोपर्यंत अमेरिकेत या मुलांना नावे पुष्कळ मिळाली होती. जर्मनीतून नाझींमुळे परागंदा झालेले डॉ. आल्फ्रेड स्ट्राउस यांनी १९४७ साली लॉरा लेहटिनेन यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात ‘मेंदूला इजा झालेले मूल’ असा शब्द वापरला होता. पुस्तक महत्त्वाचे, शिकवण्याच्या पद्धती नव्या. पण कल्पना करा, आपल्या मुलाला वाचता येत नाही म्हणून तुम्ही जाता आणि त्याच्या मेंदूला इजा झाली आहे असे ऐकून परत येता. दुसरीकडे ‘मतिमंद’ हा शिक्का होता. तो मारला की मुलाची रवानगी वेगळ्या वर्गात, किंवा थेट संस्थेत. मधल्या मुलांसाठी शाळेकडे एकच उत्तर असे: आळशी आहे, किंवा आईने लाडावून ठेवला आहे. दोष आईवर टाकण्याची चाल काही आपल्याकडचीच नाही.

मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलांचे पालक याआधीच एकत्र आले होते. ब्रिटनमध्ये १९४६ साली ज्यूडी फ्राईड या आईने ‘नर्सरी वर्ल्ड’ या नियतकालिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना हाक घातली, आणि त्यातून उभी राहिलेली संघटना पुढे ‘मेनकॅप’ म्हणून देशभर ओळखली गेली. अमेरिकेतही १९५० साली अशा पालकांची राष्ट्रीय संघटना झाली. तेव्हा वाट मळलेली होती. पण ज्यांची मुले ना मतिमंद, ना शाळेत टिकणारी, ते पालक कोणत्या दारात उभे राहणार? न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा ठिकाणी त्यांची छोटी मंडळे निघाली. प्रत्येकाचे नाव वेगळे. कोणी ‘मेंदूला इजा झालेल्यां’चे, कोणी ‘मज्जाविकार असलेल्यां’चे. नाव वेगळे म्हणून अर्ज वेगळा, आणि अर्ज वेगळा म्हणून सरकारदरबारी कोणाचेच वजन नाही.

६ एप्रिल १९६३ रोजी ही मंडळी शिकागोत परिषदेला जमली. बोलावणे एव्हन्स्टनच्या एका पालकनिधीचे होते. बोलायला सॅम्युएल कर्क होते, आणि हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. १९२९ च्या सुमारास, विद्यार्थी असताना, ते शिकागोजवळच्या ओक फॉरेस्ट येथे मुलांच्या एका निवासी शाळेत नोकरीला होते. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या कागदांवर ‘शब्दांध’ असा शेरा होता. कर्कनी ठरवले, याला वाचायला शिकवायचे. पण रात्री नऊनंतर मुलांनी झोपलेच पाहिजे असा नियम. तेव्हा इतर मुले झोपली की तो मुलगा गुपचूप उठून यायचा, आणि शयनगृह व न्हाणीघर यांच्यामधल्या दारात, तिथे उजेड असे म्हणून, दोघांची शाळा भरायची. सात महिन्यांत तो मुलगा तिसरीच्या पातळीचे वाचू लागला आणि साध्या शाळेत परत गेला. ही हकीकत कर्कनीच पुढे लिहून ठेवली आहे.

अशा माणसाला शिक्क्यांचे प्रेम असणे शक्य नव्हते. सभेत त्यांनी पालकांना जवळजवळ बजावलेच की अवघड नाव मिळाले की आपले काम झाले असे वाटते, पण नावाने मूल शिकत नाही. मुलाला काय येते, काय येत नाही, याचे साधे वर्णन जास्त उपयोगी. मग त्यांनी सांगितले की भाषा, बोलणे, वाचन यांच्या विकासात अडचण असलेल्या मुलांसाठी अलीकडे आपण ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असा शब्द वापरतो. अंध, बहिरी आणि मतिमंद मुले त्यात धरत नाही. आता गंमत बघा. नावांपासून सावध राहा असे सांगायला आलेल्या वक्त्याचा तोच शब्द पालकांनी उचलला आणि त्याच मुक्कामात त्या नावाने एकत्र संघटना काढायचे ठरवले. १९६४ साली ती रीतसर उभी राहिली. कर्क तिच्या तज्ज्ञ सल्लागार मंडळावर गेले.

पालकांनी कर्कचे ऐकले नाही असे म्हणता येईल. मला वाटते त्यांनी आपल्या गरजेपुरते ऐकले. शिक्षकाला मुलाचे वर्णन पुरते. आईबापांना मात्र अर्जाच्या मथळ्यावर घालायला एक शब्द लागतो, दुसऱ्या गावातल्या अनोळखी आईने वाचून ‘हे तर आमचेच’ म्हणावे असा. तो मिळाल्यावर पुढची चाके भराभर फिरली. १९६९ च्या नावाने ओळखला जाणारा या मुलांसाठीचा कायदा १९७० साली अमलात आला, आणि २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. या दुसऱ्या कायद्यामागे मतिमंद मुलांच्या पालकांनी पेन्सिल्व्हेनियात राज्याविरुद्ध लढवलेला १९७१-७२ चा खटलाही होता. त्यातले एक कलम माझ्या फार आवडीचे आहे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा करायचा, तो ठरवणाऱ्या बैठकीत आईबापांची खुर्ची हवी, आणि निर्णय पटला नाही तर त्यांना दाद मागता यावी. पर्सीच्या आईबापांना अर्धे वाक्य मिळाले होते. ऐंशी वर्षांनी या पालकांना खुर्ची मिळाली.

पण या शब्दाला एक काळी बाजू आहे. ‘आमची मुले मतिमंद नाहीत’ या वाक्यावर तो उभा आहे. कुंपण घालताना आत कोण, हे ठरते तसे बाहेर कोण, हेही ठरते. तिथे सुरुवातीला आत आली ती बरीचशी सुस्थित गोऱ्या घरांतली मुले, आणि तसेच अडखळणारी गरीब व काळी मुले ‘मतिमंद’ वर्गात राहिली, अशी टीका तिथल्याच अभ्यासकांनी केली आहे. ती मला खरी वाटते. आपल्याकडेही बुद्ध्यांकाचा कागद हातात आल्यावर पहिला सुस्कारा सुटतो तो ‘नॉर्मल आहे हो!’ याचाच. तो सुस्कारा मी समजू शकतो, पण शेजारच्या खुर्चीवर कोणाचे मूल बसले आहे तेही पाहावे. (जाता जाता: ब्रिटनमध्ये आज ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अपंगत्वच. तेव्हा इंटरनेटवर वाचणाऱ्या पालकांनी लेख कुठल्या देशातला आहे हे आधी बघावे, नाहीतर उगाच घाबरगुंडी.)

आपल्या देशात हे वारे यायला १९९० चे दशक उजाडले. त्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आणि १९९६ साली मुंबईत डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली. मुंबईची महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काढणाऱ्यांत पालक आणि तज्ज्ञ दोघेही होते. त्याच १९९६ पासून महाराष्ट्र सरकारने बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित. तरी १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात अपंगत्वाचे जे सात प्रकार होते त्यांत ही मुले नव्हतीच. ती आली २०१६ च्या कायद्यात, एकवीस प्रकारांच्या यादीत. मधली वीस वर्षे पालक एका बोर्डाचे परिपत्रक दुसऱ्या बोर्डाला दाखवत फिरत होते.

डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. उपकार मोठे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चित्रपटात मुलाला तारणारा आहे तो एक शिक्षक, देवासारखा बाहेरून आलेला. बाप रागावतो, आई रडते, दोघांचे काम तेवढेच. अशाच दुसऱ्या कोणा मुलाच्या आईबापांशी ते बोलतानासुद्धा दिसत नाहीत. चित्रपट पाहून आलेले कितीतरी पालक मग त्या एका शिक्षकाची वाट पाहत बसले. आणि तसा शिक्षक, खरे सांगायचे तर, दर तालुक्याला एक मिळाला तरी नशीब.

गोव्याची गोष्ट यापुढे जरा वेगळी आहे, आणि मराठी वाचकांनी तिच्याकडे लक्ष द्यावे म्हणूनच हा सगळा प्रपंच. आपले मूल घरी कोंकणी बोलते, मराठी किंवा कोंकणी शाळेत देवनागरी शिकते, आणि पाचवीत गेले की इंग्रजी माध्यमात पडते. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. घ-ध, भ-म यांत रेघेचा फरक. तरी अक्षर आणि ध्वनी यांचे नाते बरेच सरळ, त्यामुळे मूल रडतखडत चौथी ओलांडते. पाचवीत इंग्रजी स्पेलिंगचे रान लागले की कोसळते. तेव्हा सगळे म्हणतात, ‘मराठी शाळेतून आला, इंग्रजी झेपत नाही.’ दोष माध्यमावर जातो आणि खरी अडचण आणखी दोन वर्षे लपते. तपासायचे तरी कशाने? कागद बहुतेक इंग्रजीतले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा भारतीय भाषांतला चाचणीसंच २०१५ साली काढला. त्यात हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजी आहेत. कोंकणी नाही.

आणि मग येतो सवलतीचा प्रश्न. २०१६ च्या कायद्यातच म्हटले आहे की अशा मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देता येते. सूट योग्य आहे, मुलाच्या मानेवरचा एक धोंडा उतरतो. पण इंग्रजी सोडून चालत नाही, म्हणून सोडली जाते ती मराठी किंवा कोंकणी. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत असेच झाले आहे. फॉर्मवर एक खूण होते आणि घरातले मूल आजीच्या पोथीपासून, आजोबांच्या नाट्यसंगीताच्या वहीपासून कायमचे तुटते. याला उपाय काय, ते शाळा सांगत नाही. तिचा तो प्रश्नच नव्हे.

हा प्रश्न मी जिथे ऐकला ती जागा म्हणजे फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाची मागची खोली. महिन्यातून एका रविवारी सातआठ घरची माणसे तिथे जमतात. नाव नाही, पाटी नाही, नोंदणी नाही. गोव्यात संगात, सेतू अशा संस्था आहेत, तज्ज्ञांची मदत तिथे मिळते. या खोलीत मिळते ते वेगळे. प्रमाणपत्रासाठी कुठल्या खिडकीवर कोणत्या वारी जावे, मुख्याध्यापकांना पत्र कसे लिहावे, गणिताची उदाहरणे कोणी वाचून दाखवली तर मूल सोडवते हे शिक्षकांना कसे पटवावे, असल्या गोष्टी. सुरुवातीला फक्त आयाच यायच्या. बाप स्कूटरवर बाहेर थांबायचे. एकदा पाऊस आला म्हणून एक गृहस्थ आत आले. मुलाच्या वहीतल्या चुका फिरत फिरत त्यांच्या हातात गेल्या. बराच वेळ बघून ते बायकोला म्हणाले, ‘अगं, मी असाच लिहायचो.’ ही अडचण बरेचदा घराण्यात चालत येते, हे शास्त्र सांगते. पण चाळीस वर्षे स्वतःला ढ समजलेल्या माणसाला ते त्या खोलीत कळले. आता ते दर वेळी येतात, आणि भावालाही आणतात.

मराठीचा पेपर सोडण्याची गोष्ट निघाली तेव्हा तिथे बराच वाद झाला. कोणी म्हणाले, दहावी होऊ दे आधी. कोणी म्हणाले, नंतर कोण शिकवतो? शेवटी एक आजी म्हणाली, ‘बाई, पेपर सोडा. वाचायला नाही येत तर मी वाचते, तो ऐकेल.’ त्या घरात आता रात्री जेवणानंतर अर्धा तास आजी मोठ्याने मराठी पुस्तक वाचते. नातू पोळपाटावर पीठ पसरून त्यात बोटाने रेघा काढत ऐकतो. आणखी दोन घरांनी तेच सुरू केले आहे. त्यातल्या एका घरी आजी नाही, म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर येतात. चतुर्थीमुळे या महिन्याची बैठक पुढे गेली आहे. पुढच्या वेळी कोणते पुस्तक वाचायचे ते मुलांनी ठरवायचे आहे.